रोजा असताना बिर्याणीचं मीठ कसं जमवता?

सहरीचा_चहा

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुका पोटात घाला. (माझं सध्या रिकामंच आहे, जागा भरपूर.)

रविवारी इफ्तारला नणंद आणि तिच्या सासरची मंडळी येतायत. सगळी मिळून अकरा माणसं. चिकन बिर्याणी मी करणार, असं अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, मला न विचारता फोनवर सांगूनही टाकलंय.

गेल्या रमजानमध्येही मीच केली होती. खारट झाली. कोणी एका शब्दाने बोललं नाही, पाण्याचा जग तेवढा तीनदा भरला. रात्री तरावीहहून, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजहून, आल्यावर नवरा ओट्याशी उभ्याउभ्या दोन तांबे पाणी प्यायला आणि म्हणाला, "छान झाली होती." दुसऱ्या दिवशीचा रोजा घरात सगळ्यांनाच जड गेला. तहान काही हटेना.

चाखलंच नव्हतं, दुसरं काय. एरवी मला वाटायचं की माझा हात अंदाजाने चालतो. तो अंदाज म्हणजे दर दहा मिनिटांनी चमचा जिभेला लावणं, हे रोजात कळलं.

तर रोजा ठेवून बिर्याणी करणारे तुम्ही सगळे मीठ कसं जमवता? २ किलो चिकन, दीड किलो तांदूळ असा बेत आहे. दमाचीच करायची आहे.

फुकटसल्ला

कमी घाला आणि दस्तरखानावर मिठाची वाटी ठेवा. विषय संपला.

खडामसाला

@फुकटसल्ला, आयडीला जागलात. वरून भुरभुरलेलं मीठ भातात शिरत नाही, दाताखाली कचकन येतं. चिकनच्या आत जायचं तर नावच नको.

ताई, एक सांगा. गेल्या वर्षी नेमकं खारट काय होतं? भात की चिकन?

सहरीचा_चहा

भात तसा बरा होता. तळाचा मसाला तोंडात धरवत नव्हता.

खडामसाला

कांदा तळताना मीठ टाकलं होतंत का? आणि मसाला घरचा की पाकिटातला?

सहरीचा_चहा

टाकलं होतं, कांदा लवकर लाल होतो म्हणून. मसाला पाकिटातला. तुम्हाला कसं कळलं?

खडामसाला

चोर सापडला. बिर्याणीच्या तयार मसाल्यांत बहुतेक वेळा मीठ असतंच, पाकिटामागची यादी वाचून बघा. काहींमध्ये तर पहिलं नाव मिठाचंच. म्हणजे एकदा पाकिटातलं, एकदा कांद्यावरचं, आणि वर सवयीने मुरवणात तुमच्या हातचं. जीभ मध्ये असती तर दुसऱ्या पायरीलाच तिने हाक मारली असती.

बिरिस्त्याला, म्हणजे या तळलेल्या कांद्याला, मीठ लागत नाही. कांदा एकसारखा पातळ चिरा, अर्धा तास पेपरवर पसरून कोरडा होऊ द्या, मग बेताच्या गरम तेलात सोडा. पाणी उडालं की रंग आपोआप धरतो. हवा त्या रंगाच्या एक पायरी आधी बाहेर काढा, कारण ताटात काढल्यावरही तो शिजतच असतो. कढईत बदामी दिसला की ताटात तपकिरी होतो. कढईतच तपकिरी झाला तर ताटात काळा, आणि मग सबंध बिर्याणी कडवट. काढल्या काढल्या काट्याने पसरवा. ढीग केलात तर वाफेने मऊ पडतो.

मटणनिष्ठ

चिकनच्या बिर्याणीला बिर्याणी म्हणावं का, यावर आधी चर्चा व्हावी अशी नम्र सूचना.

नुसतंवाचतो

आले. मी म्हटलं अजून कसे नाहीत.

हिरवीवेलची

चाखण्याबद्दल. गरज असेल तर जिभेच्या टोकावर घेऊन चव बघायची आणि थुंकून चूळ भरायची, घशाखाली काही जाऊ द्यायचं नाही. तेवढ्याने रोजा तुटत नाही असंच बहुतेक आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. विनाकारण केलं तर मकरूह, म्हणजे नापसंत. स्वयंपाक जिच्या गळ्यात आहे तिची ती गरजच झाली. त्यामुळे मनावर फार ओझं घेऊ नका.

सहरीचा_चहा

माहीत आहे आपा, अम्मीही तेच म्हणतात. पण मला नाही जमत. दुपारी चारला बिर्याणीचा मसाला जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा? तेवढी मी भली नाही. गिळून मोकळी होईन.

मटणनिष्ठ

हाहा. या प्रामाणिकपणासाठी चिकन माफ.

अर्धीवाटी

माझी कोणीतरी वाट बघत असेल असं उगाच वाटतंय, म्हणून लिहितो. मीठ चाखायची गोष्ट नाही, वजन करायची गोष्ट आहे. घरात छोटा वजनकाटा असेल तर तो काढा. नसेल तर सपाट चहाचा चमचा बारीक मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम धरा. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने कापलेला, शीग लावलेला नाही.

चिकन आणि दही यांचं मिळून जे वजन होईल त्याच्या दीड टक्का मीठ मुरवणात घालायचं. तुमचं २ किलो चिकन, त्याला अर्धा किलो दही, म्हणजे अडीच किलो. दीड टक्का म्हणजे साडेसदतीस ग्रॅम, बिनदिक्कत ३८ घ्या. चमच्याने सव्वासहा. पाकिटाचा मसाला वापरणार असाल तर हा हिशेब कोलमडतो, कारण त्यात मीठ किती ते आपल्या हातात नाही. तेव्हा शाहजिरं, वेलची, लवंग, दालचिनी, जायपत्री घरीच भाजून कुटा. दहा मिनिटांचं काम आहे.

भाताच्या पाण्याचं गणित वेगळं. तिथे दर लिटरला १८ ते २० ग्रॅम. आकडा बघून लोक दचकतात, पण त्यातलं बहुतेक मीठ गाळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातं. तांदूळ फक्त स्वतः पितो तेवढंच घेतो. पाणी फिकं ठेवलंत तर भात फिका, आणि तो नंतर कशानेही सुधारत नाही. दीड किलो तांदळाला ८-९ लिटर पाणी लागेल. एवढं भांडं क्वचितच कुणाकडे असतं, म्हणून दोन वेळा उकळा, दोन्ही वेळा मीठ मोजून.

कांद्यात मीठ शून्य. केशराच्या दुधात अर्थातच शून्य.

सहरीचा_चहा

८ लिटरला १६० ग्रॅम?? हात थरथरेल माझा.

अर्धीवाटी

थरथरू दे. काट्याचा थरथरत नाही.

कोथिंबीर_जास्त

मध्येच घुसतेय, माफ करा. मी मुस्लिम नाही, रोजाही नसतो. ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना एका संध्याकाळी इफ्तारला घरी बोलवायचं मनात आहे आणि हीच बिर्याणी करावी म्हणतेय. मला चाखता येईल ही जमेची बाजू! पण अजून काय सांभाळायचं?

हिरवीवेलची

@कोथिंबीर_जास्त, बोलवा की, फार आवडेल त्यांना. चिकन हलाल दुकानातूनच आणा आणि आणलंय हे आपणहून सांगा, त्यांना विचारायचा संकोच वाटतो. रंग, इसेन्स, तयार सॉस यांच्यात अल्कोहोल किंवा जिलेटीन नाही ना ते बघा. सरळ केवडापाणी आणि गुलाबपाणी वापरा. खजूर आणि पाणी अजानच्या आधीच समोर मांडून ठेवा, ऐन वेळी फ्रिज उघडायला जाऊ नका. आणि बिर्याणी लगेच वाढू नका. खजूर, पाणी, थोडी फळं झाली की त्या मगरिबची नमाज पढतील, त्यासाठी एक स्वच्छ कोपरा द्या. जेवण त्यानंतर.

कोथिंबीर_जास्त

हे नमाजनंतर जेवण माहीत नव्हतं. मी अजानच्या ठोक्याला झाकण काढणार होते. धन्यवाद!

पानदान

मुलींनो, इतका हिशेब वाचून मला घेरी आली. मी तीसेक वर्षं रोजात बिर्याणी करतेय. काटा नव्हता, आणि दिवसा जीभही लावली नाही. माझी रीत सांगते.

चाखायची सगळी कामं सहरीच्या, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या खाण्याच्या, आत उरकायची. कांदा आदल्या रात्री तरावीहनंतर तळून डब्यात. सहरीला उठलं की पहिलं काम मुरवण. दही फेटायचं, त्यात आलं-लसूण, तिखट, हळद, कुटलेला मसाला, पुदिना-कोथिंबीर, अर्धा बिरिस्ता चुरून, लिंबू, मीठ. आणि हे सगळं चिकन घालायच्या आधी चाखायचं. कच्चं चिकन पडल्यावर जीभ लावायची नाही, रोजा असो नसो. मुरवण नुसतं खाल्लं तर "जरा जास्तच झालं" असं वाटलं पाहिजे. चिकनला त्यातलंच मीठ मिळायचं असतं, त्यामुळे तोंडाला बरोबर लागलं तर बिर्याणीत कमी पडतं.

मग चिकन घालून, चोळून, झाकून फ्रिजमध्ये. हात धुऊन पराठा खा, पाणी प्या, नियत करा. दिवसभर मीठ हा विषय डोक्यात आणायचा नाही.

अर्धीवाटी

दंडवत घ्या आपा. "चिकन घालायच्या आधी" हे मला सुचलं नव्हतं. वजन करा आणि वर सहरीला चाखाही, असा तह करू.

पानदान

तह मंजूर. काटा कुठला घेऊ तेही सांगा, आता डोळ्यांना चमचा सपाट आहे का ते दिसत नाही.

खडामसाला

आपांच्या रीतीत एक भर. सहरी ते संध्याकाळ म्हणजे बारा-तेरा तासांचं मुरवण. चिकनला ते पुरे आहे, उगाच कच्ची पपई घालू नका. मटणाला ठीक, पण इतक्या वेळात चिकनचा लगदा होईल. दही टांगून पाणी काढलेलं घ्या. चिकन स्वतःच पाणी सोडतं, त्यात पातळ दही असेल तर तळाशी रस्सा साचतो आणि खालचा भात चिकट होतो.

फ्रिजमधून थर लावायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. गारढोण चिकनवर गरम भात पसरला तर वरचा भात मोडायला येतो तरी हाडाजवळ कच्चं राहतं. कच्च्या दमाची (चिकन आधी न शिजवता त्यावर भात लावतात ती) बिर्याणी फसते ती बहुतेक इथेच.

सहरीचा_चहा

कच्च्या दमाची करू की पक्क्या? पाहुण्यांसमोर कच्चं निघालं तर मी नणंदेच्या सासरी तोंड दाखवू शकणार नाही.

पानदान

पहिल्यांदाच एवढ्या माणसांची करतेयस तर पक्क्याची कर. मुरवलेलं चिकन आधी भांड्यात १५ मिनिटं शिजव, रस अंगाबरोबर राहिला की त्यावर भात. कच्च्याची चव वेगळी हे खरं, पण रोजात झाकण उघडून चिकन दाबून बघायची सोय नसते, आणि रोजा सोडायला आलेल्या माणसाला "अजून दहा मिनिटं" म्हणणं यासारखा गुन्हा नाही.

मटणनिष्ठ

आपांशी सहमत. आणि हो, हे मी लिहिलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सहरीचा_चहा

पक्क्याचीच करते. आता भात. चाखता येत नाही म्हणजे दाणा किती शिजला तेही कळणार नाही ना?

खडामसाला

भाताला जीभ लागतच नाही, नख लागतं. जुना बासमती दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, खळखळत्या पाण्यात सोडायचा. चार मिनिटांनी एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबा. मधे पांढरा कणखर ठिपका दिसतो आणि कडा सहज चिरडते, ती वेळ. दाणा बिनतक्रार चपटा झाला तर उशीर झाला. पहिला उपसा थोडा कच्चट काढा आणि तो खाली चिकनवर पसरा, त्याला खालचा रस मिळणार आहे. दुसरा जरा जास्त शिजवून वर. तुम्ही दोनदा उकळणारच आहात, आयतंच जमेल.

उपसताना हात चालवा. चाळणीत पाच मिनिटं विसरलेला भात स्वतःच्या वाफेत शिजत राहतो.

सहरीचा_चहा

आणि वेळ? गेल्या वर्षी अजानला माझा गॅस चालूच होता. एका हातात खजूर, एका हातात सांडशी.

अर्धीवाटी

उलटं मोजा. समजा मगरिब पावणेसातला आहे. जेवण सात-सव्वासातला. झाकण तेव्हाच उघडायचं. त्याआधी १५-२० मिनिटं बंद गॅसवर मुरायला हवी, म्हणजे पावणेसातच्या पाच मिनिटं आधी गॅस बंद. पक्क्या दमाला एवढ्या मोठ्या भांड्यात पहिली ५-७ मिनिटं मोठी आच आणि मग तव्यावर अर्धा तास मंद. म्हणजे सहाला भांडं गॅसवर. त्याआधी थर लावायला १० मिनिटं, भात दोनदा काढायला २५, पाण्याला उकळी यायला २०. पाच वाजता ओट्याशी उभं राहायचं, अस्रची नमाज त्याआधी उरकून. तांदूळ भिजवणं आणि शेजारच्या शेगडीवर चिकन शिजवणं याच वेळात.

रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा यंदाचे आकडे पुढच्या वर्षी वापरू नका. ही उलटी मोजणी मात्र ठेवा.

हिरवीवेलची

झाकणाला कणीक लावणार ना? नाहीतर जाड ओलं फडकं आणि वर वजन. कणीक लावलीत तर ती सुकून टणक झाली की समजा आत वाफ नीट धरलीय. आणि कान ठेवा. सुरुवातीला आतून रटरट येते. ती थांबून बारीक चर्र असा कोरडा आवाज यायला लागला की तळाचं पाणी संपलं, मिनिटभरसुद्धा थांबू नका. रोजात नाक आणि कान कसले तीक्ष्ण होतात!

नुसतंवाचतो

खरंय. काल मला तिसऱ्या मजल्यावरून कुणाचा कांदा करपतोय ते कळलं.

कोथिंबीर_जास्त

उरलेली बिर्याणी सहरीला खाता येते का हो?

हिरवीवेलची

खाता येते, पण रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेला भात उबदार राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम करूनही जात नाही. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये. सहरीला पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून कडकडीत गरम करा. तरी मी म्हणेन सहरीला दही-पोळीच बरी, बिर्याणीवर दिवस काढायचा तर तहान छळते.

सहरीचा_चहा

शनिवार रात्र. कांदा तळून झाला. दीड किलो कांदा चिरून चारशे ग्रॅमसुद्धा बिरिस्ता निघाला नाही, आणि त्यातला मूठभर नवऱ्याने येताजाता उचलला. बदामी रंगावर काढला होता, खरंच ताटात तपकिरी झाला. आता सहरीचा गजर लावून झोपते. काटा ओट्यावर ठेवलाय, अम्मी त्याच्याकडे संशयाने बघतायत.

पानदान

फी अमानिल्लाह. मुरवण चाखायला विसरू नकोस.

सहरीचा_चहा

रविवार, रात्री पावणेबारा. सगळे गेले, भांडी व्हायची आहेत, आधी इथे लिहिते.

सहरीला ३८ ग्रॅम मोजून घातलं. चाखलं तर बरोबर लागलं, "जरा जास्त" नाही. आपांचं ऐकून अर्धा चमचा वाढवणार होते, मग गेल्या वर्षीचा पाण्याचा जग आठवला आणि हात मागे घेतला. शेवटी पाव चमचा. पाण्यात मात्र १६० ग्रॅम डोळे मिटून ओतले.

भाताचा दुसरा उपसा मिनिटभर पुढे गेला, वरचा थर थोडा मोडला. केशराच्या दुधाने आणि कांद्याने झाकला गेला, पण मला माहीत आहे. तळाला रुपयाएवढी जागा लागली. चर्र आवाज मी ऐकला होता, तेवढ्यात दारात नणंदेची मुलं आली.

पावणेसातला गॅस बंद होता. या वेळी माझ्या दोन्ही हातांत फक्त खजूर.

नमाजनंतर नवऱ्याने कणीक फोडली. पहिली वाफ आली तेव्हा बाहेर बोलणारी सगळी माणसं एकदम गप्प झाली. अम्मींनी खबरदारी म्हणून दस्तरखानाच्या मधोमध मिठाची वाटी ठेवली होती, आणि शेजारी पाण्याचे दोन जग. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, काही बोलल्या नाहीत. दुसरा घेतला. मग माझ्या धाकट्या जावेला म्हणाल्या, "ती वाटी उचल गं, जागा अडतेय."

मटणनिष्ठ

वाह!! चिकन असूनही वाह.

पानदान

माशाअल्लाह. पाव चमचा बरोबर केलंस. माझ्या घरचे खारट खातात, ते सांगायचं राहिलं.

फुकटसल्ला

वाटी ठेवली होती ना शेवटी? आयडिया कुणाची?

कोथिंबीर_जास्त

माझा बेत गुरुवारचा. एक शेवटचा बावळट प्रश्न: ते ३८ ग्रॅम बारीक मीठ ना? माझ्याकडे जाडं आहे.

अर्धीवाटी

ग्रॅममध्ये मोजलंत तर जाडं काय, बारीक काय, सारखंच. चमच्याने मोजणार असाल तर आधी कुटा.